दोनदा गाळलेलं सूप

पहिल्याच वाटीला माझ्या मनात पाल चुकचुकली. सूप गाजराचं होतं, दोनदा गाळलेलं, आणि कोमट. सव्वीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने साधं चहाचं आधण ठेवलं नव्हतं, आणि आज एकदम गाजराचं सूप?

माझी अक्कलदाढ काढली होती. पंचावन्नाव्या वर्षी, हाड कापून. हसा खुशाल. जबड्यात आडवी झोपली होती म्हणे. चार टाके पडले, गाल टम्म फुगला, आणि डॉक्टरांनी आठवडाभर बोलायचं नाही म्हणून सांगितलं. मला! शिवणकामाच्या कारखान्यात मी तपासनीस आहे. दिवसभर तयार कपडे उलटे करून बघते आणि खोट सापडली की सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं बोलते. आता कापडाच्या नमुन्याचे जुने पुठ्ठे उलटे करून त्यावर लिहायची वेळ आली.

"कोणी शिकवलं?" मी लिहिलं.

"त्यात काय शिकायचंय?" असं म्हणत ह्यांनी माझ्या हनुवटीखाली एक नॅपकिन धरला आणि मानेमागे बांधला. त्याला चक्क नाड्या होत्या. कडा हाताने दुमडून शिवलेल्या, टाके मोहरीएवढे. बाईचा हात, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी दुधात सैल केलेला बटाटा आला. "आज सूज वाढेल, घाबरू नकोस. परवापासून उतरते," हे म्हणाले. डॉक्टर मला असलं काही बोलले नव्हते. मी स्ट्रॉ मागितली तर म्हणे, "छे, ओढून प्यालीस की रक्त येतं." सुपात टोमॅटो घाला म्हणून लिहिलं तर म्हणे, "नको, झोंबतो." कोणाला झोंबला होता? गाळणी आमची नव्हती. तो लहानसा उथळ चमचाही आमचा नव्हता, आणि दुखऱ्या बाजूला न लागता तो तोंडात कसा सारायचा हे ह्यांना बरोब्बर ठाऊक होतं.

मग मला गेला हिवाळा आठवला. ह्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. तीन महिने दुपारी फोन केला की दुकानात नसायचे. "पार्ट आणायला गेलो होतो." तीन महिने कसले हो पार्ट आणता? तेव्हा मी विषय सोडला होता. आता माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आणि भीतीही वाटत होती, सरळच सांगते. दाढेचं दुखणं गोळीने थांबतं. पण हा माणूस तीन महिने दुसऱ्या कोणा बाईला भरवत बसला असेल, तर ह्या घरात माझं उरलं काय?

तिसऱ्या दिवशी थंडगार कस्टर्ड समोर ठेवून हे औषधं आणायला गेले. मी नॅपकिन सोडला, खिडकीपाशी नेला आणि कारखान्यात करते तसा उलटा केला. टाके डावीकडे कलले होते.

उजव्या हाताचा टाका एकीकडे कलतो, डावखुऱ्याचा दुसरीकडे. तीन दिवस गळ्यात बांधून बसले आणि बाईचा हात एवढंच पाहिलं. कोणत्या बाईचा, ते पाहिलं नाही. तपासनीस म्हणे!

एवढा बारीक डावखुरा टाका माझ्या माहितीत एकीचाच. माझी धाकटी बहीण. आमच्याच कारखान्यात हातशिलाईला होती. नऊ वर्षांपूर्वी तिने शिवलेले चाळीस झगे मी सगळ्यांसमोर नापास केले, टाका उलटा कलतो म्हणून. गिऱ्हाईकाला सगळा माल एकसारखा हवा होता, मी नियमाने वागले. तिचं काम गेलं. त्यावरून आम्ही एकमेकींना नको नको ते बोललो आणि तिचं नाव ह्या घरात काढायचं नाही, असं मी ह्यांना बजावलं. गेला हिवाळा सरता सरता ती गेल्याचा फोन आला. तोंडाचा आजार होता, असं फोनवरच कळलं. मी गेले नाही.

हे परत आले, तेव्हा मी नॅपकिन पुढे केला. पुठ्ठ्यावर एकच शब्द लिहिला होता, "धाकटी?"

हे औषधाची पिशवी हातात घेऊनच खाली बसले. "अर्धी जीभ काढली होती गं तिची. जवळ कोणी नव्हतं. तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, आणि मग मला जाता आलं नसतं." पिशवी बाजूला ठेवून म्हणाले, "पहिल्या दिवशी पोळवलंच मी तिला. मग हळूहळू जमलं. सगळं अंगावर सांडायचं म्हणून हा नॅपकिन तिनेच स्वतःच्या हाताने शिवला."

मी पुठ्ठा जवळ ओढला. खाली लिहिलं, "मला काय म्हणायची?" शिव्या दिल्या असतील तर बरं होईल, असं वाटत होतं. लाखोली वाहिली असती तरी मी गुमान ऐकून घेतली असती.

"बोलता कुठे येत होतं तिला? तीही तुझ्यासारखी लिहायचीच." ह्यांनी माझ्या हातातला पुठ्ठा काढून घेतला आणि बाजूला ठेवला. "मी वाटी पुढे केली की रोज पहिल्यांदा एकच लिहायची. ताई जेवली का?"

उलटा केलेला नॅपकिन मी सुलटा केला.

"मी हो म्हणायचो. मग ती तोंड उघडायची."