पंपाची शीळ

“वा, छान झालं. उजेड येतो ना भरपूर?” पेन्सिलने विचारलं.

पडद्यावर मुलगी नुसती बघत राहिली. तिच्या मागे कोरी भिंत होती, भिंतीला उभी टेकवलेली गादी होती आणि न उघडलेली दोन खोकी. त्याने ‘मी’ आणि ‘घर’ एवढेच शब्द पकडले होते आणि मधली जागा स्वतःच भरून टाकली होती. पोरीने घर घेतलं.

“बाबा, मी काय म्हणाले?”

“अगं, नवीन घर ना? खोकी दिसतायत की मागे.”

तिने मान खाली घातली. मग कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली आणि मोठ्याने म्हणाली, “घेतलं नाही. सोडलं. मी घर सोडलंय, बाबा. आम्ही वेगळे झालोय.” आणि बाजूच्या भिंतीकडे एकदा बघून घेतलं. “इथे सगळं शेजारी ऐकू जातं. मला ओरडायला लावू नका.”

टेबलाखाली कॉम्प्युटर घरघरत होता. रात्रभर काम करून तापलेला होता आणि आतला पंखा सुसाट सुटला होता.

“हा पंखा गं,” तो म्हणाला. “याच्यापुढे काही म्हणता काही ऐकू येत नाही.”

“मग बदला ना तो. किती दिवस सांगतेय.”

ती आणखी काहीतरी बोलली. त्याने मान डोलावली. मग तिने हात हलवला आणि पडदा काळा झाला.

पेन्सिल हे नाव ऑफिसने ठेवलेलं. आयुष्यभर तो एका आर्किटेक्टकडे नकाशे काढत होता. अंगकाठी तशीच, आणि कानामागे कायम शिसपेन्सिल. लग्नाच्या फोटोतही ती राहून गेली होती. पुढे ऑफिसातले आरेखनाची तिरकी टेबलं भंगारात गेली, तेव्हा त्याच्या वयाच्या बाकीच्यांनी घरचा रस्ता धरला. हा मात्र पन्नाशी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकला. निवृत्तीनंतर तेच काम घरून करू लागला. जी घरं अजून बांधलीच नाहीत, त्यांची चित्रं काढायची. भिंती उभ्या करायच्या, खिडकीतून ऊन आत सोडायचं, खुर्चीची सावली जमिनीवर पाडायची. बिल्डर ती चित्रं गिऱ्हाइकांना दाखवत. एकेक चित्र तयार व्हायला कॉम्प्युटर तासन्‌तास राबायचा, तापायचा आणि पंखा बोंबलायचा. हल्ली तर कामाच्या ऐन मध्यात मशीन आपलं आपण बंद पडायचं.

बायको जाऊन चार वर्षं झाली होती. कामं मेलवर येत, मेलवर जात. बोलायचं म्हणजे रविवारी मुलीशी, तेवढंच. आणि त्या रविवारच्या बोलण्यात तिने आपला संसार मोडल्याचं सांगितलं, तर त्याने उजेड येतो का विचारलं. हे त्याला आठवडाभर गिळता आलं नाही. जेवताना आठवायचं आणि घास तोंडातच फिरत राहायचा.

शेवटी एका दुपारी तो कॉम्प्युटरच्या दुकानात गेला.

दुकान अरुंद होतं. चाळिशीतली एक बाई ते एकटीच चालवत होती. चष्मा कपाळावर चढवलेला, समोर कुणाचा तरी उघडा लॅपटॉप. पेन्सिलने आपली अडचण सांगितली. तिने प्रोसेसर कुठला, कॅबिनेट केवढं, काम काय करता, एवढं विचारून घेतलं.

“काका, नुसता पंखा बदलून तुमचं भागायचं नाही,” ती म्हणाली. “तुमचं मशीन सतत पळतंय. पाण्याचा कूलर घ्या.”

“पाणी? आणि गळलं तर?”

“बंद असतो तो. कारखान्यातूनच भरून, सील करून येतो. तुम्ही पाणी घालायचं नाही की काढायचं नाही.” तिने मागच्या फळीवर उघडी ठेवलेली मशिनं दाखवली. “हा चौकोन प्रोसेसरवर बसतो. यातच पंप आहे. पाणी इथली उष्णता घेऊन या नळीने वर जातं, या रेडिएटरमध्ये गार होतं आणि त्या नळीने परत येतं. रेडिएटर मोठा, म्हणून पंख्यांना जीव तोडून पळावं लागत नाही. आवाज कमी.”

“मला तेच पाहिजे. आवाज नको. मुलीचा फोन असतो.”

तीन पंख्यांचा मोठा कूलर त्याच्या कॅबिनेटमध्ये मावणार नव्हता. एका पंख्याचा एवढ्या कामाला पुरला नसता. राहिले दोन पंख्यांचे. तसे दोन तिच्याकडे चालू करून दाखवायला होते. तिने पहिला सुरू केला. पेन्सिल वाकला. काही नाही. दुसरा सुरू केला. काही नाही.

“दोन्ही उत्तम,” तो खूश होऊन म्हणाला. “आहेत की नाहीत तेही कळत नाही.”

“नाही काका, फरक आहे. पंख्याचं सोडा, पंपाचं ऐका. या दुसऱ्याचा पंप बारीक शीळ घालतो. काही लोकांना चालतं, पण शांत खोलीत डोकं उठतं. ऐका नीट.”

पेन्सिलने कान जवळ नेला. दुकानदारीण बोट वर करून थांबली होती, आता ऐकू येईल अशी.

“मला तर काही येत नाही,” तो म्हणाला. बाई जरा चिकित्सक दिसतेय, असं त्याच्या मनात आलं.

ती काहीतरी शोधायला काउंटरखाली वाकली आणि तिथूनच काही बोलली. उत्तर आलं नाही, तेव्हा वर येऊन तिने त्याच्याकडे बघितलं. पेन्सिल निवांतपणे खोक्यांवरचा मजकूर वाचत होता.

“याची वॉरंटी जास्त आहे,” तो दुसऱ्या खोक्यावर बोट ठेवून म्हणाला. “माझ्यापेक्षा जास्त टिकेल. हाच द्या.”

“घरी लावून बघा,” ती सावकाश, त्याच्याकडे तोंड करून म्हणाली. “नाही पटला तर परत आणा. संकोच करू नका.”

कूलर त्याने स्वतःच बसवला. जुना पंखा काढला, तर पात्यांवर धुळीची लोकर साठली होती. प्रोसेसरवरची, उष्णता वाहून नेणारी वाळलेली पेस्ट पुसली, नवी पेस्ट मटारएवढी ठेवली, पंपाचा चौकोन वर टेकवून स्क्रू आलटून पालटून समोरासमोरचे आवळले. नळ्यांना कुठे पीळ पडत नाही ना, ते बघितलं. अशा कामात त्याचा हात आयुष्यात कधी थरथरला नव्हता. मशीन सुरू केलं, सगळ्यांत जड चित्र कामाला लावलं आणि वाट बघत बसला. तापमान थोडं चढलं आणि तिथेच थांबलं. त्याने कॅबिनेटवर तळहात ठेवला. अगदी हलकी थरथर. आवाज नाही. घर एवढं निवांत त्याला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. रविवार कधी येतो असं झालं.

रविवारी त्याने दाढी केली, खुर्ची नीट ओढून घेतली. मुलीच्या मागची गादी आता जमिनीवर आडवी होती आणि खोकी उघडलेली होती.

“ऐक,” तो म्हणाला. “काही ऐकू येतंय? नवीन कूलर बसवलाय.”

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मग कपाळाला आठी घालून जवळ आली. “पंखा गेला, बाबा. पण शिट्टी वाजतेय कुठेतरी. किटली ठेवलीये का गॅसवर?”

“नाही गं.”

“बघून या बघू. बारीक, सतत येतेय.”

तो स्वयंपाकघरात गेला. गॅस बंद होता. नळ बंद होता. परत येऊन त्याने तसं सांगितलं. ती म्हणाली, अजून येतेय. त्याने फ्रिज बंद केला. मग बाथरूममध्ये जाऊन आला, खिडकी लावली, भिंतीवरचं घड्याळसुद्धा काढून गोधडीत गुंडाळून ठेवलं. दर वेळी पडद्यासमोर येऊन तो भुवया उंचावायचा आणि ती मान हलवायची, अजून आहे. त्याला आता गंमत वाटेनाशी झाली होती. आपल्याच घरात काहीतरी वाजतंय, ते तिला एवढ्या लांब ऐकू येतंय आणि आपण खोल्याखोल्यांतून हिंडतोय.

“बाबा, माइक हातात घ्या आणि फिरवा,” ती मोठ्याने म्हणाली. “मी सांगते.”

त्याने माइक उचलला. वायर जाईल तिथवर एकेका वस्तूजवळ नेला. ती पडद्यावरून हाताने सांगत होती. कमी. कमी. थोडी जास्त. तो टेबलाखाली वाकला. तिने हात एकदम वर केला. तिथेच.

पेन्सिल गुडघ्यांवर बसला. त्याने माइक खाली ठेवला आणि उजवा कान कॅबिनेटच्या पत्र्याला लावला. पत्रा कोमट होता. मग डावा लावला. श्वास रोखून धरला. त्याला फक्त स्वतःच्या छातीतले ठोके कळत होते.

तो उठून खुर्चीत बसला तेव्हा मुलगी त्याच्याशी काहीतरी बोलत होती. आवाज येत होता, तिचाच होता, पण त्यातले शब्द कुणीतरी खोडरबराने पुसल्यासारखे झाले होते. नुसते स्वर उरले होते.

“काय?” तो म्हणाला. आणि सवयीने पुढे म्हणाला, “हा पंखा...”

त्याने टेबलाखाली बघितलं. पंखे अगदी मंद फिरत होते.

मुलीच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट सरकत गेलेली त्याला दिसली. मग तिने स्वतःच्या कानाला हात लावला आणि प्रश्नार्थक मान हलवली.

“बहुतेक,” पेन्सिल म्हणाला.

“कधीपासून?” ती सावकाश, एकेक अक्षर सुटं करून म्हणाली. लहानपणी तो तिला जसं वाचायला शिकवायचा तसं.

“एवढं फोडून नको बोलू. कान अगदीच गेलेले नाहीत.” तो हसायला बघत होता. “डॉक्टरांना दाखवतो. तू तुझं सांग. तुला काय सांगायचं होतं?”

“काही नाही. आज झोप लागली, एवढंच सांगत होते. इथे आल्यापासून पहिल्यांदा.”

हे त्याला सगळं कळलं. ती पडद्याला चिकटून बोलली होती आणि तो तिच्या ओठांकडे बघत होता.

त्या दुपारी त्याने चित्राला हात लावला नाही. बायको आठवत राहिली. शेवटच्या काही वर्षांत तिला एक खोड लागली होती. कुणी काही बोललं, की ते वाक्य ती पुन्हा त्याच्याकडे तोंड करून म्हणायची. पाहुणे आले तर, “ते म्हणतायत गाडीला उशीर झाला.” दुकानात, “ती म्हणतेय उद्या मिळेल.” दारावरची बेल वाजली, की आधी त्याच्या खांद्याला हात लावायची आणि मग दार उघडायची. तो चिडायचा. मी काय कुक्कुलं बाळ आहे का, म्हणायचा. ती हसण्यावारी न्यायची. तिला ठाऊक होतं तर. एकदाही बोलून दाखवलं नाही. बोलली असती तर त्याने मानलं नसतं, हेही तिला ठाऊक असणार. तिच्यानंतर जग हळूहळू गप्प झालं होतं, आणि माणूस गेल्यावर घर असंच होतं, असं तो धरून चालला होता. त्यातलं किती दुःखाचं होतं आणि किती कानांचं, हे आता कसं निवडायचं त्याला कळेना.

दोन दिवसांनी तो कूलर खोक्यात भरून दुकानात गेला. दुकानदारीण हातातलं काम ठेवून समोर आली.

“शीळ घालतोय ना?” ती म्हणाली.

“असं मुलगी म्हणते.” पेन्सिलने खोकं काउंटरवर ठेवलं. घरून निघताना त्याने वाक्य जुळवून ठेवलं होतं, पंपात काहीतरी बिघाड दिसतोय असं. ते त्याने सोडून दिलं. “मला कमी ऐकू येतं, ताई. त्या दिवशी दोन्ही कूलर मला सारखेच वाटले. हा मला काही त्रास देत नाही, वर्षभर वाजला तरी द्यायचा नाही. पण ती बोलत असते तेव्हा तिच्या कानात वाजतो.”

दुकानदारिणीने मान हलवली. बिचारे वगैरे काही म्हणाली नाही. खोकं बाजूला ठेवून तिने पहिला कूलर आणला.

“तोच देऊ?”

“तुमच्या कानांनी बघा आणि द्या. मी म्हणेन हो, त्याला अर्थ नाही.”

तिने कूलर जोडला. रस्त्यावरचा आवाज येत होता म्हणून जाऊन दुकानाचं काचेचं दार लावून आली. छताचा पंखा बंद केला. पंप सुरू केला, चष्मा काढून ठेवला, केस कानामागे सारले आणि वाकून डोळे मिटून घेतले.

पेन्सिल काउंटरच्या अलीकडे हात मागे बांधून, जराही न हलता उभा राहिला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.