वळशाचा रस्ता

आईचं छोटं गेस्टहाऊस बंद करायचं, असं मी आणि मावशीने ठरवलं होतं. आईने जाण्याआधी घेतलेलं एकच बुकिंग शिल्लक होतं. त्या जोडप्याला खोली दिली की पाटी उतरवायची, म्हणजे नवं कुणी दार वाजवायला नको.

"आणायला जातेस ना? सरळ आण," मावशी म्हणाली. "तुझ्या आईसारखी वरात काढू नकोस."

बसस्टॉप आमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर. पण आई पाहुण्यांना गावाला वळसा घालून जुन्या वेशीतून आणायची, म्हणजे समुद्र एकदम समोर यावा. बस आता किनाऱ्यानेच येते, त्यांनी वाटभर समुद्रच पाहिलेला असतो, हे तिला सगळ्यांनी सांगून झालं होतं. "काचेतून पाहिलेलं मी धरत नाही," ती म्हणायची.

बसमधून ते जोडपं उतरलं, दोघं आजी-आजोबांच्या वयाचे. मी एक बॅग उचलली. लक्षात आलं तेव्हा आम्ही वरच्या गल्लीत शिरलो होतो.

फरसबंदीत हजारो वर्षांपूर्वीच्या गाड्यांच्या चाकोऱ्या आहेत. त्यांत आजोबांच्या बॅगेची चाकं नेमकी बसली आणि खडखडत निघाली. वर तटाच्या दगडांवर पोहून आलेल्यांचे टॉवेल. हे गाव आपलं वय मिरवत बसत नाही. त्यावर टॉवेल वाळत घालतं.

"ताई, बसमधून समुद्र उजवीकडे होता," आजोबा धापा टाकत म्हणाले. "तुम्ही डोंगरात नेताय."

"गप्प चला हो," आजी म्हणाल्या. "घरचा जिना चढताना कुठे तोंड उघडता!"

वेशीच्या भिंतीत, पूर्वीच्या पहारेकऱ्यांच्या खोलीत, न्हाव्याचं दुकान आहे. न्हावी आईला म्हणायचा तेच त्याने मला म्हटलं, "आणलेत का पाहुणे?" मी मान हलवली.

कमानीखाली अंधार, गारवा. मग चार पावलांवर सगळा समुद्र.

आजोबांनी बॅगेचं हँडल सोडलं. आजींनी त्यांची बाही धरली. लहानपणापासून मी इथून धावतच गेले होते. आज थांबले.

"पुढच्या वर्षी बॅग हलकी आणू," हँडल पुन्हा धरत आजोबा म्हणाले.

घरी मावशी स्टुलावर चढलेली. पाटी एका बाजूने लोंबत होती.

"एवढा उशीर? घातलास ना वळसा?"

"खाली उतर मावशी, पडशील," मी स्टूल धरत म्हटलं. "आणि त्याआधी तो स्क्रू परत पिळ."