नदी खाणीत उतरली

गावच्या कब्रस्तानात बायका जात नसत, पण आबेदाचं त्यावाचून कधी अडलं नव्हतं. पूर्णेच्या काठावर, उंचवट्यावर कब्रस्तान होतं आणि त्याच्या खालीच, पात्राच्या रेतीत, तिची टरबुजाची वाडी. दिवाळीनंतर पाणी ओसरलं की ती आणि तिचा नवरा इनायतुल्ला रेतीत नाल्या काढत, शेणखत भरत, बी लावत. वर काठाला लागूनच, बाभळीखाली, त्यांची तुबा निजलेली. पाच वर्षांची असताना पोर तापानं गेली होती. "तुबा, आली वं मी," असं आबेदा रोज सकाळी मनातल्या मनात म्हणे आणि कामाला बसे.

मग कब्रस्तानाशेजारचं नत्थुजीचं वावर खडीच्या खाणीसाठी ठेक्यानं गेलं. काळ्या मातीखाली गोट्यांचा जाड थर निघाला. पोकलेन आलं, टिप्परांची रांग लागली. खाण नदीच्या तळापेक्षा खोल गेली. तिच्यात पाणी झिरपलं की पंप लावून दूर नाल्यात सोडत. खाण आणि नदी यांच्यामध्ये जेमतेम बैलगाडी जाईल एवढाच बांध उरला.

हातभर खोदलं की ओल लागणाऱ्या रेतीत त्या वर्षी इनायतुल्ला कमरेइतका उतरला, तरी खाली कोरडंच.

"पानी कुठी गेलं?" आबेदानं विचारलं.

"तिकडं." त्यानं खाणीकडे हनुवटी उडवली. "नदीच तिकडं झिरपून राहिली."

हातपंपावरून डोक्यावर पाणी आणून त्यांनी वेली जगवल्या. पुढं हातपंपही हवा ओकू लागला. फुलावर आलेल्या वेली तशाच करपल्या.

दोघं नत्थुजीकडे गेली. तो ओसरीवर बसला होता.

"नत्थुजीभाऊ," आबेदा म्हणाली, "निदान नदीकडून तरी खोदू नका म्हना खाणवाल्याईले. आमचे मुर्दे हायेत तिथं."

"म्हटलं न भाभी! माह्याच वावरात मले पाय ठेवू देत नाईत."

"मंग देल्लं काहून?" इनायतुल्ला तडकला.

"वरच्या गावच्या खाणीनं आधीच माही विहीर पेली, इनायतभाऊ. बिनपान्याचं वावर घेऊन मी काय करू?"

दोघं आल्या वाटेनं परत निघाली.

तहसील कचेरीत तक्रार केली, तेव्हा साहेब येऊन पाहून गेले. त्या दिवशी मशिनी बंद होत्या. त्यांची जीप वळणाआड गेली आणि मशिनी पुन्हा सुरू झाल्या.

श्रावण सरता सरता वर डोंगरात पावसानं थैमान घातलं. भर दुपारी पूर आला. सारं गाव काठावर धावलं. पाण्यानं बांधाला धडका दिल्या, बांध विरघळला आणि अख्खी नदी गर्जत खाणीत उतरली. खाण खोल, नदी तिच्यात पडता पडता मागचा काठ कुरतडू लागली. बाभूळ उभीच्या उभी सरकली, मग तिच्यासोबत काठ. आबेदा धावली. इनायतुल्लानं तिला मागून घट्ट धरलं. "सोडा मले! माही पोट्टी हाय तिथं!" ती ओरडत होती. त्यानं सोडलं नाही.

पूर ओसरल्यावर माणसांनी चिखलातून हाडं वेचली, पांढऱ्या कापडात बांधली आणि गावामागच्या टेकाडावर एकत्रच दफन केली. कोणाची कोणती, हे कोण सांगणार?

"लहान हाडं होती का?" आबेदानं नवऱ्याला विचारलं.

त्यानं नाही म्हणून मान हलवली आणि पायाचा चिखल धूत राहिला.

नत्थुजी दारात आला. त्याचं उरलेलं वावरही पुरानं नेलं होतं. त्याला बोलायला आबेदानं मनात किती शब्द जमवले होते! पण तो समोर उभा राहिला तेव्हा ती आत गेली आणि तांब्या भरून आली. तिनं त्याला पाणी दिलं. तो प्याला आणि गेला.

नदी आता खाणीतूनच वाहते. जुनं पात्र कोरडं पडलं आहे, रेती वाहून जाऊन नुसते गोटे उरले आहेत. दिवाळीनंतर टिप्पर तिथंही उतरले. इथं तर माती काढायचीही गरज नव्हती. इनायतुल्ला गोटे भरायच्या कामावर लागला. संध्याकाळी तो धुळीनं पांढरा होऊन घरी येई आणि भिंतीला टेकून बसे.

एकदा भाकर मोडता मोडता तो म्हणाला, "बायाईलेबी कामाले घेनार हायेत तिथं."

आबेदा चुलीतली राख सारत होती.

"कवापासून?" तिनं विचारलं.

"उद्यापासून."

"बरं," ती म्हणाली.