दादाची दाढ

माझा ओठ वर्षातून चारपाचदा उगीचच टम्म फुगतो. लग्नात फुगला, नोकरीच्या मुलाखतीत फुगला, आणि दर वेळी माझा थोरला भाऊ हसून हसून लोळला. 'फुगे' हे नाव त्यानेच ठेवलं. ॲलर्जीच्या गोळ्या मी मूठमूठ खाल्ल्या, पण फरक ढिम्म नाही.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. "रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनांची टोळी असते," त्या म्हणाल्या. "जंतू दिसला की एक दुसऱ्याला उठवतं, दुसरं तिसऱ्याला. जंतूला भोकं पाडतात, सूज आणतात. त्यांना 'पुरे' म्हणणारं प्रथिन तुमच्यात कमी आहे. तेच सूजही आवरतं."

"अगदी आमच्या घरासारखं! भांडण पेटवायला सगळे, थांबवायला कुणी नाही."

त्या हसल्या नाहीत. "हे वारशाने येतं. घरात कुणी गळा सुजून गेलंय?"

बाबा गेले होते. दात काढून आले, जेवले, आणि दुसऱ्या दिवशी गळा सुजून गेले. तेव्हा आत्या आईला म्हणाली होती, "काय घातलंस गं त्याच्या जेवणात?" तेव्हापासून तीस वर्षं आई प्रत्येकाच्या ताटातला पहिला घास स्वतः खाते, जरा थांबते, मगच ताट पुढे करते.

"जेवणाने नाही," सगळं ऐकून बाई म्हणाल्या. "दात काढल्यामुळे."

आणि आमचे बंधुराज त्याच वेळी दाढ काढायला गेले होते!

फोन उचलेल तर शपथ. टॅक्सी करून दातांच्या दवाखान्यात घुसले, तर हा खुर्चीत आ वासून पडलेला आणि डॉक्टरांच्या हातात पक्कड.

"थांबा!" मी किंचाळले. "याचा गळा मी स्वतः दाबणार आहे, तुम्ही नका!"

दादा रागाने नुसता घुं घुं करत राहिला. जन्मात पहिल्यांदा त्याला मला टोमणा मारता आला नाही.

त्याचंही ते प्रथिन कमीच निघालं. त्याची जन्माची पोटदुखी, जिला तो गॅस म्हणायचा, तीसुद्धा यातलीच. मग आधी त्या प्रथिनाचं इंजेक्शन, नंतर दाढ, असं ठरलं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिने एकदाच विचारलं, "दातामुळे?"

"हो गं, आई. फक्त दातामुळे."

ती बराच वेळ तोच ओटा पुसत राहिली. मला रडू आवरेना. मग तिने ताटं वाढली आणि घास न चाखता सरळ पुढे सरकवली.

"मीठ जास्त झालंय," दादा म्हणाला.

"मग स्वतः करून खा," आई म्हणाली आणि आपलं ताट घेऊन बसली.