मला कपाटात ठेवू नका

मित्रांनो, मी एक जुनी सचित्र कादंबरी आहे. शाळेच्या ग्रंथालयात राहते. मोठी माणसं मला ‘चित्रांचं बाड’ म्हणून नाक मुरडतात. मुरडोत बापडी!

पुरात हरवलेल्या लेकीला शोधणाऱ्या नावाड्याची गोष्ट माझ्या पोटात आहे. पानभर चित्रं आणि पात्रांचं बोलणं फुग्यांत. ग्रंथपाल बाईंनी मला दाराजवळच्या उघड्या फळीवर ठेवलं आणि माझं नशीब उघडलं. मुलं माझ्यावर तुटून पडायची. त्यातच होती घुमी. वर्गात कधी बोलत नसे, म्हणून तिला हे नाव पडलेलं. अक्षरं दिसली की ती पुस्तक मिटायची. ती आधी नुसती चित्रं बघायची. मग नावाडी काय म्हणतो ते कळेना, म्हणून फुग्यावर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवू लागली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

पण हाताळून हाताळून माझी पानं सुटली. बाईंनी मायेनं मला बांधणीवाल्याकडे धाडलं. त्या भल्या माणसानं हिशेबाची वही शिवावी तसं मला करकचून शिवलं. दोन पानांवर पसरलेल्या चित्रांचा मधला भाग शिवणीत गडप झाला. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

इकडे घुमी वाचू लागली असं बाईंनी सांगितल्यावर मुख्याध्यापकांनी बजावलं होतं, “चित्रं बघणं म्हणजे वाचन नव्हे, बाई. घुमीनं एक पान वाचून दाखवलं तर ही पुस्तकं फळीवर राहतील. नाहीतर कुलपात.”

घुमीनं मलाच उचललं. बाप-लेक भेटतात ते पान काढलं. नावाड्याचं बोलणं तिनं अडखळत वाचलं. लेकीचा फुगा मात्र शिवणीत अर्धा बुडालेला. घुमी थांबली. बाईंचा जीव टांगणीला लागला, माझा तर विचारूच नका. मग घुमीनं दोन्ही हातांनी मला ताणलं. कडकन शिवण उसवली.

“बाबा, मी इथे आहे,” तिनं वाचलं.

“वाचलं खरं,” मुख्याध्यापक म्हणाले, “पण पुस्तकाची दशा बघा. मुलांच्या हाती दिलं की हे असं होतं.”

“सर, तिची चूक नाही. बांधणी मी नीट बघून घ्यायला हवी होती.”

“मग तर कपाटच बरं.”

तेव्हापासून मी काचेच्या कपाटात आहे. किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात असते. घुमी मधल्या सुट्टीत येते, काचेला नाक लावून उभी राहते. तिला माझी फक्त पाठ दिसते. अलीकडे ती रोज येत नाही.

मित्रांनो, पुस्तकं जपा असं तुम्हाला सगळेच सांगतात. जरूर जपा. पण मला इथे धूळ लागत नाही, डाग पडत नाही, पान दुमडत नाही, आणि आत नावाड्याची लेक हाका मारून थकली आहे. कुणीतरी मला बाहेर काढा आणि खुशाल मळवा.