गप्प बसायची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. हो, जिच्यावर बसलं की कुणालाच बोलता येत नाही, तीच. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर शनिवारी गाणी लिहिणारी मंडळी जमतात, तेव्हा मला मधोमध आणून ठेवतात.

जन्म माझा साधाच. एका सुताराने शाळेसाठी माझ्यासारख्या बऱ्याच केल्या. पुढे शाळेने नव्या घेतल्या आणि आम्ही वाचनालयात आलो. बाकीच्यांवर वाचक खुशाल पेंगायचे. माझी पाठ मेली फारच ताठ, त्यामुळे मला कुणी विचारत नव्हतं. कोपऱ्यात धूळ खात पडले होते. या मंडळींना मात्र नेमकी अशीच खुर्ची हवी होती.

त्यांची रीत अशी, की आपलं गाणं म्हणायचं, माझ्यावर बसायचं आणि बाकीचे त्याची चिरफाड करतात तोवर अवाक्षर काढायचं नाही. ‘मला खरं तर असं म्हणायचं होतं’ वगैरे इथे चालत नाही. बैठक चालवणाऱ्या मावशी निवृत्त नर्स आहेत. त्या ‘आता बोल’ म्हणेपर्यंत तोंड बंद. माणसं वरवर हसतात, पण माझे हात असे आवळतात की विचारू नका. काहीजण सारखा पाय हलवतात. त्यांचा मला भारी राग येतो.

त्या शनिवारी नळवाला गायला उभा राहिला. नळ दुरुस्त करतो आणि गाणी रचतो. पहिलं कडवं झकास झालं. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि एक बाई येऊन शेवटच्या रांगेत बसली. त्याचा आवाज अडखळला. ती त्याची थोरली बहीण होती. आई गेल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं. त्याच्या बायकोने तिला गुपचूप बोलावलं होतं. हे मला नंतर कळलं.

दुसरं कडवं त्याला गाळता आलं असतं. त्याने गाळलं नाही.

‘आतल्या खोलीत आई कण्हे, दाराशी होती गाडी,
ताईने उचलली पेटी, अन् वळलीही नाही थोडी.’

गाणं संपवून तो माझ्यावर बसला.

शिंपीकाकांना सगळे ‘कात्री’ म्हणतात, कारण त्यांना कुठलीही ओळ लांबच वाटते. तेच आधी बोलले, “चाल छान आहे. पण ही बहीण खोटी वाटते बुवा. इतकी दगड कुणी असते का? कापून टाक ते कडवं.”

“खरंच,” दुसरं कुणी म्हणालं, “निदान एकदा तरी वळली असती.”

कुणालाच काही माहीत नव्हतं. नळवाल्याने माझे हात इतके घट्ट धरले, की आता हा उठणार, ओरडणार, असं मला वाटलं. मला भीती वाटली, स्वच्छ सांगते.

मागून आवाज आला, “मी बोलू का?”

“बोला ना,” मावशी म्हणाल्या.

ती उभी राहिली. “कापू नका. ती खरंच वळली नाही. नोकरीचा पहिला दिवस होता. आईने शपथ घातली होती, वळलीस तर तुझा पाय निघणार नाही म्हणून.” तिने भावाकडे पाहिलं. “पण आई कण्हत नव्हती रे. मी दारापर्यंत कान देऊन होते. एक हुंकार जरी आला असता ना, तरी पेटी तिथेच टाकली असती मी.”

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. कात्रीकाका चष्मा पुसू लागले. नळवाला ओठ दाबून बसला होता. एरवी घरी त्याने तिला अर्ध्यात तोडलं असतं. इथे तोडता येत नव्हतं.

“आता बोल,” मावशी हळूच म्हणाल्या.

त्याने माझे हात सोडले. मग म्हणाला, “ताई, मी तिच्याजवळ होतो. तिने उशी तोंडात धरली होती. मला वाटलं, फार दुखतंय म्हणून.”

ती मटकन खाली बसली. तो उठला आणि रांगा ओलांडत तिच्याकडे गेला.

आता माझा एक पाय डुगडुगतो. नव्या खुर्च्या येणार आहेत म्हणे. खुशाल येऊ देत, मला अडगळीत टाका. फक्त थोडं थांबा. त्याचं दुसरं कडवं अजून जमत नाहीये. हल्ली दर शनिवारी तो आणि ताई शेजारी बसून त्यावर कडाकडा भांडतात.