डाव्या चाकाचा चिखल

मोहनराव दातांत बोल्ट धरून मोटारीच्या पुढच्या मडगार्डखाली उताणे पडले होते. त्यामुळे आत्याच्या प्रश्नाला उत्तर न देण्याची त्यांची उत्तम सोय झाली होती.

"मोटारीला जोडा बांधतुयास व्हय रं?" ठमाबाईंनी ओसरीवरून पुन्हा विचारलं. "बरं करतुयास. जोड्याला समदं भितं."

मोहनरावांनी बोल्ट हातात घेतला. "जोडा नाही, आत्या. चिखल उडू नये म्हणून कातड्याची पट्टी आहे."

"मी तरी चिखलाचंच बोलते," आत्या म्हणाली आणि शेंगा फोडू लागली.

कातडं जुन्या मोटेचं होतं. वरच्या रानाला कालव्याचं पाणी मिळाल्यापासून ती मोट गोठ्यात टांगून होती. त्याच मोटेवर गडी जोतीरामनं वर्षानुवर्षं गाणी म्हटली होती. आज रापीनं तिचे तुकडे पाडताना त्यानं गाणं म्हटलं नाही, फक्त रापी दोनदा धोतराला पुसली.

सणसरमध्ये मोटार एकच असल्यानं तिच्याबद्दल मत बाळगण्याचा हक्क सगळ्या गावाला होता. गावाचं मत असं, की ही मोटार बारामतीच्या वाटेवर ओढ्यात शिरली की चिखल फक्त लीलाबाईंवर उडतो. मत खोटं नव्हतं. तो पदरावर उडाला होता, गालावर उडाला होता, एकदा तर नेमका कुंकवावर.

लीलाबाई मोहनरावांच्या दुसऱ्या बायको. पहिल्या प्रयागबाई. गेल्याच्या मागच्या पावसाळ्यात तापानं फणफणलेल्या प्रयागबाईंना मोहनराव बैलगाडीतून बारामतीच्या दवाखान्यात नेत होते. ओढ्यात चाक रुतलं. ते निघेपर्यंत दवाखान्याचं कारण संपलं होतं. त्यानंतर मोहनरावांनी मोटार घेतली. ती दारात आली तेव्हा घरात कुणालाच कसली घाई उरली नव्हती.

रिवाजाप्रमाणे लीलाबाईंच्या गळ्यात वारलेल्या सवतीची प्रतिमा उमटवलेला चांदीचा टाक होता. नवं लुगडं आलं की त्या आधी टाकाला दाखवायच्या, मग नेसायच्या. तरीही चिखल यायचाच. मागच्या खेपेला त्यांनी पदर धुता धुता सांगून टाकलं होतं,

"आता एकदा उडाला की मी बावड्याला आईकडं जाईन. अक्कास्नी मी नकोय, तर कशाला ऱ्हाऊ?"

मोहनराव पुण्याला इंटरपर्यंत शिकलेले होते. जे खडूनं काढून दाखवता येतं, त्यावर त्यांचा ठाम विश्वास होता. त्यांनी लगेच फरशीवर चाक काढलं, चाकातून बाण काढला, बाणाच्या टोकाला लीलाबाई काढल्या. लीलाबाईंनी चित्र पाहिलं आणि संध्याकाळी ते सारवण्याच्या फडक्यानं पुसून टाकलं. म्हणून आज पट्ट्या.

"झालं," मोहनराव उठत म्हणाले. "आता थेंब येणार नाही."

त्यांनी मागचं डावीकडचं दार उघडलं. ते नेहमी तेच उघडत. लीलाबाई टाकावर हात ठेवून बसल्या.

मोटार ओढ्यापाशी पोचली. पाणी घोट्याएवढंच होतं. मोहनरावांनी चक्र डावीकडं वळवलं, वेग वाढवला, आणि पुढचं चाक गाळात शिरलं. कातड्यावर धप् असा ओला आवाज झाला. बस्स. वर काहीच आलं नाही.

लीलाबाईंनी गाल चाचपला. कोरडा. पदर पाहिला. कोरडा. किती तरी दिवसांनी त्या हसल्या.

मोटार मात्र थांबली होती. मोहनराव मान वळवून डावीकडच्या सीटच्या कडेकडं बघत होते, जणू तिथं कुणी यायचं ठरलं होतं आणि आलं नव्हतं. मग ते पाना घेऊन पाण्यात उतरले आणि डाव्या चाकामागं वाकले.

"अवं, काय झालं? निघाली व्हय पट्टी?"

"नाही."

"मग?"

पाना बोल्टवरून सटकला. त्यांनी तो पुन्हा लावला. लीलाबाई वाकून बघत राहिल्या. मोहनरावांचं धोतर चिखलानं माखलं होतं. पलीकडं, उजव्या हाताला, खडी टाकून ओढ्यावर उंचावलेली नवी रुंद वाट होती. ऊस भरलेली एक बैलगाडी तिच्यावरून कोरड्या चाकांनी निघून गेली.

"तिकडनं चांगली वाट हाय की."

"आहे."

"मग दर खेपेला ह्यातनंच का काढता?"

ह्याचं चित्र मोहनरावांनी कधी काढलं नव्हतं.

बोल्ट सुटून पाण्यात पडला. तो शोधायला ते वाकले नाहीत. मोटेचं कातडं हातात लोंबत राहिलं.

लीलाबाई गाळाकडं बघत म्हणाल्या, "अक्कांची गाडी हितंच रुतली व्हती?"

"इथंच."

"त्या कुठल्या अंगाला निजल्या व्हत्या?"

"डाव्या."

ओढ्याचं पाणी चाकांना वळसा घालून जात होतं. लीलाबाईंनी गळ्यातला टाक पदराबाहेर काढला, अंगठ्यानं पुसला.

"मला वाटायचं, त्या माझ्यावर रागावल्यात."

"ती कुणावर रागवायची नाही," मोहनराव म्हणाले. लग्न झाल्यापासून लीलाबाईंसमोर ते पहिल्या बायकोबद्दल प्रथमच बोलत होते.

लीलाबाईंनी लुगडं सावरलं आणि त्या सीटवरून सरकत उजव्या कडेला जाऊन बसल्या. डावी जागा मोकळी झाली. मोहनरावांनी आत बसून कातडं पायाशी टाकलं, चक्र धरलं.

"दमानं घ्या," मागून लीलाबाई म्हणाल्या. "अक्कास्नी हिसका बसंल."

मोटार इंचाइंचानं गाळातून निघाली. पलीकडच्या काठावर चढेपर्यंत लीलाबाईंनी त्या मोकळ्या जागेवर हात टेकवून ठेवला होता.